सोनाचा पांगुळगाडा

हे मी आजवर कुणालाच सांगितले नाही. सांगायची वेळ आली की मी उठून गोठ्यात जायचो, बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभा राहायचो, नाहीतर कुणाला तरी उगाच हाक मारायचो. टाळायचेच असेल तर माणसाला कामे पुष्कळ सापडतात. असे टाळता टाळता मी म्हातारा झालो आणि ज्या दोघींना सांगायचे होते त्या दोघी गेल्या. माझी बायको गोदा जाऊन बरीच वर्षे झाली. आमची लेक सोना गेल्या पावसाळ्यात गेली. आता सांगून कुणाचे काय भले होणार, असे वाटतेच. पण परवा घरात जे कानावर आले त्यानंतरही गप्प राहिलो, तर तेच पाप दुसऱ्यांदा केल्यासारखे होईल.

सुगी आली आहे. धारूरच्या डोंगराकडून दिवसभर कोरडा वारा येतो आणि अंगणात ज्वारीचे भुसकट उडते. सगळीकडे कडब्याचा गोडसर, थोडा करपल्यासारखा वास आहे. या वासाने माणसांची मने भरून येतात. घरात दाणा येणार म्हणून बाया हसतात, पोरे कडब्याच्या गंजीवरून उड्या मारतात. मी मात्र तो वास आला की उठून घरात जातो. फाल्गुन सरेपर्यंत मी खळ्याकडे फिरकत नाही. नातवंडांना वाटते, आबांना धुळीचा त्रास होतो. मी तसेच वाटू दिले आहे. बऱ्याच गोष्टी मी तशाच वाटू दिल्या.

परवा माझा नातू माणिक सिरसाळ्याच्या बाजारातून पांगुळगाडा घेऊन आला. लाल-हिरव्या रंगाचा, तीन चाकांचा, ढकलला की वरचा लाकडी पोपट टकटक चोच मारतो असा. माणिकचे पोर दहा महिन्यांचे आहे. चांगले गुटगुटीत आहे, सरपटते, हाताला येईल ते तोंडात घालते, पण अजून उभे राहत नाही. माणिक मला म्हणाला, "आबा, आजपास्नं लावू का याला धरायला?"

मी म्हणालो, "ठिव तिकडं भिंतीला लावून. लेकरू आपण होऊन उठंल, आपण होऊन त्याला धरंल, तवा त्याचा. तवर लावायचा न्हाई."

"का बरं?"

"न्हाई म्हणलं ना!"

मी एवढ्या जोरात ओरडलो की पोर रडायला लागले. तेव्हा माझी सून, माणिकची आई, चुलीपुढून म्हणाली, "गाड्याचं काय घेऊन बसलाव? आदी लताला इचारा, पोटुशी व्हती तवा गिराणात काय केलं म्हून. आमच्या सासूबाईनं गिराणात खराट्याची काडी मोडली, आन् सोनाबाईचा पाय जल्मभराचा गेला." लता म्हणजे माणिकची बायको. ती पोराला छातीशी धरून खाली मान घालून बसली होती. "म्या काय सुदिक मोडलं न्हाई आत्या, देवाशपथ," असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. अशीच मान, असाच आवाज मी पूर्वी एकदा पाहिला आणि ऐकला होता.

गिराणात, म्हणजे ग्रहणात, गोदाने खरोखरच काडी मोडली होती. ते निजामाच्या राज्यातले दिवस. मी चार बुके उर्दू शिकलेला, थोरल्या भावाच्या हाताखाली शेती करणारा, बावीस-तेवीस वर्षांचा गडी. पौषातल्या अवसेला भर दुपारी ग्रहण लागले. गोदा पोटुशी होती. माझ्या आईने तिला अंधाऱ्या खोलीत बसवले आणि बजावले, काही चिरायचे नाही, काही मोडायचे नाही, काही मुडपायचे नाही. जे मोडशील ते पोराचे मोडेल. गोदा म्हणजे तरी काय, अजून पोरच. एकटी बसून कंटाळली, कोपऱ्यातल्या खराट्याची एक काडी हातात घेऊन खेळत बसली, आणि मोडली. तिने ते कुणाला सांगितले नाही. वैशाखात सोना झाली. हातपाय धडधाकट, आवाज असा की शेजारची गाय बिचकावी. गोदाने मला नंतर सांगितले की बाळंत झाल्याबरोबर तिने आधी सोनाचे दोन्ही पाय चाचपून पाहिले होते. मग ती निर्धास्त झाली.

सोनाची बोटे मला अजून दिसतात. तिला बसवले की ती तासन्‌तास एकाच जागी खेळायची. गोदा तिच्यासाठी काय काय करायची! ज्वारीच्या धांड्याची साल सोलायची, आतल्या पांढऱ्या गाभ्याचे तुकडे करून सालीच्या काड्यांनी जोडायची आणि बैलगाडी बनवायची. सोना ती गाडी एकेक काडी करून उपसायची. लहान-मोठ्या वाट्या एकीत एक बसवायच्या, काढायच्या. वाळल्या भोपळ्यात चार खडे घालून केलेला खुळखुळा या हातातून त्या हातात. पाळण्यावर चिंध्यांच्या चिमण्यांचे चिमणाळे होते, त्यातली नेमकी लाल चिमणी ती धरायची. आणि सुगीत तिला नवाच नाद लागला. सुपातून सांडलेला ज्वारीचा एक दाणा ती अंगठा आणि बोटाच्या चिमटीत उचलायची आणि गोदाच्या तळहातावर ठेवायची. पुन्हा एक उचलायची. गोदा टाळ्या वाजवायची. "अहो, बघा की! मुंगीवानी येचती!"

मी म्हणायचो, "हातानं शानी, पायानं आळशी."

"चालंल की. आजून सरपटती. पायाला बी कळू द्या की त्येला पाय म्हणत्यात."

लेकराला खेळणे कसे निवडावे, हे गोदाला कुणी शिकवले नव्हते. ती नुसती पाहायची. पोर कशाकडे हात नेते, कशावर रागावते, कशाने पुन्हा पुन्हा हसते, ते पाहून ती पुढचे खेळणे करायची. मी पाहत नव्हतो. मी भावकीकडे पाहत होतो.

आमच्या घराण्यात एक रीत होती. मळणी झाली, उपणून झाले, खळ्यावर रास पडली की तिची पूजा व्हायची आणि राशीची पहिली मूठ घरातल्या सगळ्यांत लहान, पण चालत्या लेकराने घ्यायची. स्वतःच्या पायाने चालत राशीपाशी जायचे, मूठ भरायची आणि देवाच्या पाटीत टाकायची. मुलगा असो की मुलगी. ज्याच्या पोराने मूठ घेतली त्याच्या हाताने पुढच्या वर्षी पेरणीची तिफण धरायची, असा मान. आदल्या वर्षी दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, पोराने मूठ घेतली होती. त्या दिवसापासून दादाची मिशी खाली आली नव्हती. खळे सारवताना तो चार गड्यांदेखत मला म्हणाला, "तुझ्या पोरीचं बूड लई जड हाय बे. राशीपाशी डोक्यावर घिऊन येतूस का पाटीत घालून?"

गडी हसले. मीही हसलो. आणि तसाच उठून सुताराकडे गेलो.

आमचा रामा सुतार तेव्हा वखराला दांडी बसवत होता. मी म्हणालो, पांगुळगाडा पाहिजे, राशीच्या आत पाहिजे.

"कावून घाई करायलाव, मालक? लेकरू कुठं पळून चाललंय का?" असे म्हणून तो हसला आणि मग सहज विचारले, "उभी ऱ्हाती का धरून? का आजून बसतीच? बसकं लेकरू असलं तर गाडा ठेंगणा करतो, चाकं जड ठिवतो. चालतं असलं तर हलका करतो."

कोणताही सुतार हे विचारतो. त्यात विशेष काही नव्हते. मी म्हणालो, "धरून चालती की. चांगली चालती."

का खोटे बोललो? जड, ठेंगणा गाडा घेऊन गावातून घरी यायची मला लाज वाटली. दादाच्या पोराचा गाडा हलका होता, त्याची चाके एरंडेल पाजलेली, टिचकी मारली तरी पळायची. मला तसाच पाहिजे होता. तसाच मिळाला.

गोदाने गाडा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "ह्यो तर हिच्या खांद्याएवढा हाय. आन् पळतोय बघा कसा. नका लावू आत्ताच."

"तुला काय कळतंय?" मी म्हणालो. त्या काळी बायकोशी बोलायचे हे माझे ठरलेले वाक्य होते.

तो दिवस मी जसा होता तसा सांगतो. खळ्यावर मळणी चालू होती. तिवड्याच्या खांबाभोवती बैलांची पात फिरत होती. दादा जेवायला गेला होता, पात हाकणारा गडी माझ्याकडे पाठ करून पलीकडच्या अंगाला होता. गोदा सोनाला माझ्यापाशी ठेवून विहिरीवर पाणी आणायला गेली. मी गाडा आधीच कडब्याआड आणून ठेवला होता. सोनाला उभे केले. तिचे गुडघे पुन्हा पुन्हा मुडपत होते. मग मी माझे उपरणे तिच्या कमरेभोवती गुंडाळून गाड्याच्या दांडीला बांधले, म्हणजे ती खाली बसू शकणार नाही. तिला ते आवडले नाही. तिने माझ्याकडे पाहून दोन्ही हात वर केले, उचलून घे म्हणून. मी म्हणालो, "चल, चल, माझी वाघीण!" आणि गाड्याला हलकेच ढकलले.

खळे चोपून, सारवून दगडासारखे टणक केलेले होते आणि कडेला उतार होता. गाडा उताराला लागला. सोना बांधलेली होती. पडली असती तर फार तर ढोपर फुटले असते. पण मी तिला पडूसुद्धा दिले नाही. गाडा तिला ओढत घेऊन गेला आणि कडेच्या दगडावर आदळून उलटला. तिचा डावा पाय आसाखाली होता.

तिचे रडणे आधी आलेच नाही. तोंड उघडे, आवाज नाही. मग आला.

मी उपरणे सोडले, गाडा कडब्याच्या गंजीत कोंबला आणि तिला उचलून छातीशी धरले. गोदा घागर टाकून पळत आली. "काय झालं? काय झालं वो?"

तेव्हा बोललो असतो तर सगळे निभावले असते. धारूरला हाडवैद्य होता. गाडी जुंपून दिवस मावळेपर्यंत पोचलो असतो. त्याने पाय बसवून कामट्या बांधल्या असत्या आणि सोना पुढच्या सुगीत धावली असती. ते सगळे माझ्या एका वाक्यावर थांबले होते.

मी म्हणालो, "मुंगळा डसला वाटतं."

गोदाने मुंगळा शोधला. भुसकटात बोटे घालून, रडत, ती तो मुंगळा शोधत राहिली.

पाय सुजला. आईने एरंडाची पाने गरम करून बांधली, हळदीचा लेप दिला, दृष्ट काढली. सोना रात्रंदिवस कण्हायची. मी रोज ठरवायचो, आज सांगू. मग रास पडली. मूठ घ्यायला त्या वर्षी दादाच्याच पोराला पुन्हा उभे केले आणि मी तिथे हात जोडून उभा होतो. मग होळी आली. गावातली पोरे लाकडे गोळा करत फिरत होती. मी अंधार पडल्यावर गंजीतून गाडा काढला, मोडला आणि गावच्या होळीत टाकला. एरंडेल पाजलेली चाके लगेच पेटली. रामा सुतार माझ्या शेजारी बोंब मारत उभा होता. त्याच्या काही ध्यानात आले असेल का, हे मला कधीच कळले नाही.

सूज ओसरली, पण सोना पाय टाकीना. सरपटणेही बंद झाले. तेव्हा कुठे आम्ही तिला हाडवैद्याकडे नेले. त्याने पायावरून बोटे फिरवली आणि विचारले, "पडली व्हती का कुठून?"

आई, गोदा, दादा, सगळे माझ्याकडे पाहायला लागले. त्या दिवशी पोर माझ्यापाशी होती.

"न्हाई," मी म्हणालो.

"हाड आपल्या मनानं जुळलंय. आता सरळ करायचं म्हणलं तर पुन्हा मोडावं लागंल. एवढ्याशा लेकराचं मोडायची माझी छाती न्हाई."

परतताना बैलगाडीत, घाट उतरल्यावर आई एकदम म्हणाली, "गोदे, खरं सांग. गिराणात काय केलतंस?"

गोदा खाली मान घालून म्हणाली, "खराट्याची काडी मोडलती, आत्याबाई. येकच."

आईने कपाळावर हात मारून घेतला. दादा पुढे बैलांना विनाकारण चाबूक मारू लागला. आणि मला, हे लिहिताना हात अडखळतो, मला बरे वाटले. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसे. तो गोदाच्या छातीवर गेला, हे मला दिसत होते. तरी मला बरे वाटले.

त्यानंतर गोदाने आयुष्यात काही मोडले नाही. चुलीत घालायची फांदी लांब असली तरी ती तशीच अख्खी सारायची आणि जळेल तशी पुढे ढकलत बसायची. तूर सोलायला, शेंगा फोडायला दुसरे कुणी लागायचे. भाकरीचा तुकडासुद्धा ती मोडायची नाही. माझ्या पुढ्यात अख्खी भाकरी ठेवायची आणि मी चार तुकडे केले की त्यातले दोन स्वतःच्या ताटात घ्यायची. मी रोज तिला भाकरी मोडून दिली. माझ्या म्हाताऱ्या सासऱ्यांनी एकदा ते पाहिले आणि माझ्या आईला म्हणाले, जावई लेकीला लई जपतात.

प्रत्येक ग्रहणाला ती गंगेवर जाऊन पाण्यात उभी राहायची. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. कुठे आमचे डोंगराकडचे गाव आणि कुठे गंगा! तरी जायची. पुढे आम्हाला मुलगे झाले, ते धडपणे चालले, धावले. त्याने उलट तिची खात्रीच झाली, की दोष त्या एका काडीचाच.

सोना मात्र हातांनी जगली. तिच्यासारखी गोधडी पंचक्रोशीत कुणी शिवत नव्हते. सुईत दोरा ओवायला बाया तिच्याकडे यायच्या. पण एका पायाने फेंगडत चालणारी मुलगी कोण करणार? सिरसाळ्याला एका बिजवराला दिली. माणूस बरा निघाला, ते तिचे नशीब.

कधी कधी मला वाटते, मी एवढा भ्यायलो कुणाला? दादाला? तो तर पुढे वेगळा निघाला. आईला? गावाला? जेवढा विचार करतो तेवढे मला कुणीच सापडत नाही. पहिल्या दिवशी भीती होती. नंतर मागे वळून सांगायला जितके चालावे लागले असते, ते अंतर रोज वाढत गेले. आज ते एवढे आहे की पलीकडे कुणी उभेच नाही.

गोदा गेली ती अशाच सुगीत, दुपारी. ओसरीवर बाज टाकली होती. पोरे रानात होती. तिने मला जवळ बोलावले आणि म्हणाली, "माझं येक काम करताव का? सोनाला सांगा, आईनं तुझी माफी मागितली म्हणावं. माझ्या तोंडून कधी निघालं न्हाई. लई डाव जिभंवर आलं. लेकीच्या तोंडाकडं बघितलं की निघायचं न्हाई."

तिचा हात माझ्या हातात होता. माझ्याही जिभेवर आले होते. मी तोंड उघडले. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "बोलू नगंस. दमशील."

ती बोलली नाही. जन्मभर माझे ऐकत आली होती, तेव्हाही ऐकले. दिवेलागणीच्या आत गेली.

माणिक, हे तू घरात मोठ्याने वाच. तुझ्या आईपुढे वाच आणि लतापुढे तर वाचच. सोनाचा पाय ग्रहणाने गेला नाही. काडीने गेला नाही. मी गाड्याला बांधून तो मोडला, आणि नंतर लपवून वाकडा केला. या घरात पुन्हा कुठल्या पोटुशी बाईला गोदाचे नाव घेऊन भेवडवू नका. लताला कुणी काही विचारायचे नाही. पोराला जमिनीवर सोडा. त्याला काय पाहिजे ते त्याचे त्याला ठाऊक आहे.

आणि आता उरलेले सांगतो. तेरावा झाल्यावर मी सिरसाळ्याला गेलो होतो, गोदाचा निरोप घेऊन. तो निरोप दिला की त्याच्या मागोमाग माझेही निघेल, अशी मला आशा होती. सोना ओसरीत गोधडी पसरून बसली होती. जावई बाहेर गेले होते. तिने मला ताक दिले आणि पुन्हा टाके घालायला बसली. मग मान वर न करता म्हणाली, "आप्पा, आई जाताना माझ्यासाठी काय बोलली का?"

"तुझी लई आठवण काढली."

"आजून?"

मी ताकाचा घोट घेतला.

"तसं न्हाई," ती म्हणाली. "ल्हानपणी मला वाटायचं, आई माझ्याकडं बघितलं की डोळ्याला पदर कावून लावती? मी येवढी वंगाळ दिसते का? पोरांनी लंगडी म्हणलं तर मला काय वाटायचं न्हाई, आप्पा. त्येंला मी धोंडे हाणायची. पर आई कधी माझ्याकडं बघून हसलीच न्हाई. त्येचा मला लई राग व्हता. म्हून तिला मी शेवटी शेवटी भेटायला बी येत नव्हते. आता वाटतं, यायला पायजे व्हतं. काय व्हतं तिच्या मनात, तुमाला तरी ठावं हाय का?"

सुई तिच्या बोटात तशीच थांबली होती. ती आता माझ्याकडे पाहत होती, आणि तिचे डोळे अगदी गोदाचे होते.

"सोना," मी म्हणालो.

"काय, आप्पा?"

"ताक लई गोड झालंय."

"आजून देऊ?" असे म्हणून ती भिंतीला हात टेकून उठली.